तिसऱ्या दरवाजावरचा

आमच्या रुग्णालयाच्या एक्स-रे खोलीत फोटो काढणारे काका दिवसभर दोनच वाक्यं बोलतात. ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ हे पहिलं आणि ‘सोडा आता’ हे दुसरं. म्हणून मुलांनी त्यांना श्वासकाका करून टाकलं आहे. घरीही याहून जास्त वाक्यं खर्ची पडत नाहीत असं काकू सांगतात. सांगताना त्यांचा चेहरा तक्रारीचा असतो की बढाईचा, हे नोंदणीच्या खिडकीत बसून इतकी माणसं वाचूनही मला अजून उमगलेलं नाही.

काकांची एक सवय आहे. पेशंटला श्वास धरायला सांगितला की जाड काचेमागे उभे राहून ते स्वतःही धरतात. यंत्राला त्याची काही गरज नाही. विचारलं तर म्हणतात, दुसऱ्याला कामाला लावायचं आणि आपण खुशाल श्वास घेत उभं राहायचं, हे बरं दिसत नाही.

एरवी कवडीचुंबक असलेला हा माणूस मुलांच्या बाबतीत मात्र शब्दांची उधळपट्टी करायचा. फोटो निघाला की पोराला पडद्यासमोर उभं करायचं, त्याच्याच फासळ्या त्याला दाखवायच्या आणि अगदी गंभीरपणे सांगायचं, “बघ, आतूनसुद्धा देखणा आहेस.” रडत आलेलं पोर मग बाहेरच्या आईला हाताला धरून आत ओढून आणायचं, आपलं आतलं देखणेपण दाखवायला. दिवसभरच्या खोकण्याकण्हण्यात काकांची निव्वळ शिल्लक काय ती एवढीच. आणि तिच्याबद्दल ते कधी कुणापाशी बोलले नाहीत, म्हणजे ती मोठी असणार.

अडचण अशी की मुलं हलतात. मोठी माणसं भीतीने का होईना, थिजतात. मूल मात्र ‘हलू नकोस’ म्हटलं की त्याच क्षणी त्याच्या नाकाला खाज सुटते. हललं की फोटो पुसट, पुसट फोटो की पुन्हा उभं करा. विभागाच्या मुख्य डॉक्टरांना, म्हणजे आमच्या मॅडमना, मुलांच्या अंगावर पुन्हा पुन्हा किरण टाकणं मान्य नव्हतं आणि त्यात त्यांचं काही चूक नव्हतं. त्यांनी काकांना बोलावून सांगितलं, की शाळांच्या सुट्ट्या लागेपर्यंत बघू. सुधारणा झाली नाही तर मुलांना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या रुग्णालयात पाठवत जाऊ. तिथलं यंत्र नवं आहे, पापणी लवायच्या आत काम उरकतं.

काका ‘बरं’ म्हणाले. खोलीत परत आले, मुलांना उभं करायचं लाकडी स्टूल घेतलं आणि स्वच्छ असलेलं ते स्टूल पुन्हा पुसत बसले. ते सिस्टरला बघवलं नाही, आणि सिस्टरला काही बघवलं नाही की ती काहीतरी तोड काढतेच. छातीचा फोटो काढताना मूल स्टुलावर चढतं, छाती समोरच्या एक्स-रेच्या पाटीला टेकवतं, हनुवटी वर ठेवतं. मग त्याच्या डोळ्यांसमोर काय येतं? ओल आलेली बोडकी भिंत. तिथे कुणी ओळखीचं असेल तर पोर त्याच्याकडे बघत राहील, तिने सुचवलं. मॅडमनी परवानगी दिली. रंगवायला काकांचा मेहुणा होता. दुकानांच्या पाट्या आणि शटरं रंगवण्यात त्याची हयात गेली होती. प्रश्न एवढाच, की एक्स-रेच्या पाटीचा खांब आणि पाण्याचा पाइप यांच्यामध्ये जागा होती जेमतेम एका जणाची. मग तो एक कोण?

कार्टूनं दर वर्षी बदलतात, व्हिडिओ गेममधली पात्रं टिकतात, इथवर सगळ्यांचं एकमत झालं. आमच्याकडे एकमत झालेलं हे शेवटचं.

“सगळ्यात आयकॉनिक असेल तोच घ्यायचा,” सिस्टर म्हणाली. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने विचारलं, ते काय असतं. ज्याची ओळख करून द्यावी लागत नाही तो, असं तिने सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला मग सोपं आहे, भट्टी. भट्टी म्हणजे मारामारीच्या गेममधला तो लोखंडी मुठीचा, ज्याच्या पाठीतून धूर निघतो. सिस्टर म्हणाली, आजारी मुलाच्या डोळ्यांसमोर धूर ओकणारा पैलवान? त्यापेक्षा छत्रीवाली घ्या. उंच इमारतींवरून छत्री उघडून अलगद उतरते, पायात मोजे दोन रंगांचे, आणि आजवर तिने कुणाला एक चापटही मारलेली नाही. ड्रायव्हर म्हणाला, म्हणूनच तिला कुणी ओळखत नाही.

चहाच्या खोलीत हा वाद असा रंगला की चहा निवायला लागला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा नियम माणसं पोटच्या पोरांपेक्षा गेममधल्या पात्रांना जास्त कडकपणे लावतात, हे मला तेव्हा कळलं. पगारवाढीच्या सभेत तोंड न उघडणारा औषधांच्या खिडकीवरचा माणूस भट्टीच्या डाव्या मुठीवर एवढं बोलला, की त्याला आवाज आहे हे आम्हाला त्या दिवशी समजलं.

पेंटरने मात्र सगळ्यांना एका फटक्यात झाडून टाकलं. त्याच्या मते टुणुकसमोर बाकी सगळे चिल्लर. टुणुक म्हणजे पिवळ्या चष्म्याचा हिरवा बेडूक. पाच दरवाजे ओलांडून आपल्या तळ्याला परत जायचं, एवढीच त्याची गोष्ट. आधी टीव्हीला जोडून खेळायचे, आता पोरं फोनवर खेळतात. उडीची ऐट मात्र तीच. सिस्टरने नाक मुरडलं. टुणुक तिने लहानपणीच सोडला होता, तिसऱ्या दरवाजावरच्या त्या मेल्या दारवानापायी. ड्रायव्हरने लगेच दुजोरा दिला; त्याच दरवाजापाशी त्याने चुलतभावाच्या गेमचं रिमोट आपटून फोडलं होतं आणि चुलत्याचा मार खाल्ला होता. पेंटरनेही कबूल केलं, की त्या दारवानाने त्याची एक अख्खी सुट्टी खाल्ली. तेवढ्यात मॅडम कप घ्यायला आत आल्या होत्या. ‘तिसरा दरवाजा’ कानावर पडताच दारात थबकल्या, “अजून उभा आहे का तो नालायक?” असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेल्या. मीही माझ्या वाटणीची एक शिवी दिली. सगळ्यांची वर्गणी जमा झाल्यावर गाडी पुन्हा मूळ वादावर आली.

काका कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते जन्मात एकही गेम खेळलेले नव्हते. “कुणीही काढा,” एवढंच म्हणाले, “पोरं थांबली पाहिजेत.”

निकाल पेंटरच्या कसोटीने लागला. पाट्या रंगवणाऱ्यांची ती जुनी रीत आहे म्हणे: रंग नको, नाक-डोळे नकोत, नुसती काळी सावली काढायची आणि रस्त्यापलीकडच्या माणसाला ती ओळखू आली तर चित्र पक्कं. त्याने पुठ्ठ्यांवर कोळशाने तिघांच्या सावल्या काढल्या आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या मुलांसमोर एकेक धरली. छत्रीवालीला मुलं ‘कुणीतरी बाई’ म्हणाली. भट्टीला दोघातिघांनी ओळखलं. टुणुकची सावली वर केली मात्र, अख्खा बाक उभा राहिला. एक पोर तर पायाला प्लास्टर असून दुसऱ्या पायावर उड्या मारायला लागलं. पेंटरने आमच्याकडे असं बघितलं, की जणू तो बेडूक त्यानेच जन्माला घातला होता.

बाक उभा राहिला ते आम्ही सगळ्यांनी बघितलं. त्याचा अर्थ काय, ते एकालाही सुचलं नाही. शहाणी माणसं एकत्र जमली की अक्कल प्रत्येकाला थोडी कमी वाट्याला येते.

टुणुक झाला मात्र झकास. हवेत झेपावलेला, चष्म्यावर चमक, पाय ताणलेले. काका हात मागे बांधून त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि “छान,” म्हणाले. काकांच्या मानाने ते भाषणच होतं.

दुसऱ्या दिवसापासून पंचाईत सुरू झाली. पूर्वी मुलं हलायची, आता उडायला लागली. स्टुलावर चढायची, टुणुक दिसायचा, आणि ‘श्वास घे’ म्हणायच्या आत गुडघे वाकायचे. एकाने स्टुलावरून खरोखरच झेप घेतली. सिस्टरने त्याला हवेत झेलला म्हणून हाड वाचलं, नाहीतर छातीच्या फोटोला आलेल्या मुलाच्या हाताचाही फोटो काढावा लागला असता. फोटो असे यायचे की फासळ्या दुप्पट दिसाव्यात. ‘आतूनसुद्धा देखणा’ म्हणायला पडद्यावर आत काही दिसलं तर पाहिजे. मॅडमनी मोठ्या रुग्णालयाचा फोन नंबर माझ्याकडून मागून घेतला.

काकांनी मेहुण्याला बोलावून सांगितलं, की हा पुसावा लागेल. पेंटरला ते झोंबलं. तो म्हणाला, भावोजी, एवढा जिवंत बेडूक मी उभ्या आयुष्यात काढला नाही. काका म्हणाले, तेच तर झालंय. पेंटरला हे कौतुक वाटायला हवं होतं, पण माणूस रागात असला की कौतुकसुद्धा टोमण्याच्या रकान्यात मांडतो. मुलं हलतात ती फोटो काढणाऱ्याच्या वकुबामुळे, असं काहीसं तो बोलून गेला. काका गप्प. ते नेहमीच गप्प असल्यामुळे हे गप्प बसणं वेगळं आहे, हे फक्त काकूंना कळलं.

काकूंनी रविवारपर्यंत वाट बघितली. मग म्हणाल्या, “अहो, रुसून बसायला तुम्ही दोघं काय नवे व्याही आहात? उठा.” आणि नवऱ्याला घेऊन दुपारच्या चहाला भावाच्या घरी हजर झाल्या. पुढचं सगळं मला काकूंनी सांगितलं, खिडकीशी उभं राहून, मागे रांग खोळंबलेली असताना.

पेंटर माफीची वाट बघत बसला होता. काका खुर्चीत टेकले, टीव्हीकडे बोट केलं आणि म्हणाले, “तो बेडूक दाखव मला. पोरं का उडतात ते बघतो.” माफीपेक्षा हे पेंटरला जास्त लागू पडलं असावं, कारण त्याने लगेच वायरी जोडल्या. काकांनी रिमोट हातात घेतलं आणि टुणुकला पहिल्याच खड्ड्यात घातलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा खड्डा चुकवून विहिरीत. शेवटी पेंटरने स्वतः खेळून दोन दरवाजे पार करून दिले आणि तिसऱ्यापाशी रिमोट परत भावोजींच्या हातात ठेवलं. बहिणीकडे बघून डोळा मारला. आता गंमत बघ, असा.

दरवाजात दारवान उभा होता. चौकोनी अंग, मिशी, हातात भाला, एक डोळा अर्धा उघडा. काकांनी विचारलं, इथे काय करायचं असतं.

“काही नाही,” पेंटर म्हणाला. “काहीच करायचं नसतं, तेच तर कुणाला जमत नाही.” बटण दाबून धरलं की टुणुक गाल फुगवून श्वास धरतो, निपचित होतो. दारवान त्याला वरून खाली न्याहाळतो. कंटाळा येईस्तोवर न्याहाळतो. मध्ये अंगठा जरा ढिला पडला की भाल्याच्या टोकाने उचलून थेट पहिल्या दरवाजाबाहेर. त्याला जांभई आली की मगच सोडायचं. पण जांभई येणार, येणार असं दोनदा नुसतंच वाटतं, आणि तिथेच भलेभले अंगठा उचलतात.

काकांनी बटण दाबलं. टुणुकने गाल फुगवले. सवयीने काकांनीही फुगवले. दारवानाने बेडकाला वरून खाली बघितलं, काकांनी दारवानाला बघितलं. पहिली फसवी जांभई आली, गेली. दुसरी आली, गेली. पेंटरचा अंगठा आपल्याच मांडीवर वळवळत होता. काका हलले नाहीत. मग दारवानाने खरीखुरी, तोंडभर जांभई दिली, काका रोजच्या आवाजात म्हणाले, “सोडा आता,” आणि अंगठा उचलला. दरवाजा उघडला.

काकू म्हणतात, घरात एवढी शांतता त्यांच्या लग्नाच्या बोलणीत हुंड्याचा विषय निघाला आणि काकांनी ‘नको’ म्हटलं, तेव्हाच काय ती झाली होती.

पेंटरने गेम मागे नेला. “परत करून दाखवा, भावोजी.” भावोजींनी परत करून दाखवलं. पेंटर खुर्चीत मागे रेलला. “माझी अख्खी सुट्टी गेली होती,” तो छताकडे बघत म्हणाला. मग वाईट वाटून, की आपण परवा काय बोललो ते आठवून, कोण जाणे, त्याने स्वतःच्या बशीतली बिस्किटं उचलून काकांच्या बशीत ठेवली. आमच्या ओळखीच्या पुरुषांत माफी याच चलनात दिली जाते.

काकांचं लक्ष बिस्किटांकडे नव्हतं. “हा कोण?” त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

“तो? तिसऱ्या दरवाजावरचा. त्याला नावसुद्धा नाही.”

“पोरं ओळखतात ह्याला?”

“ओळखतात?” पेंटर म्हणाला. “भावोजी, हा गेम खेळलेला माणूस म्हातारपणी स्वतःच्या व्याह्याला विसरेल, ह्याला नाही विसरणार.”

“मग हाच काढ.”

पेंटर म्हणाला, ह्याला कुणी आयकॉनिक म्हणत नाही, ह्याला लोक शिव्या देतात. काका म्हणाले, सगळे देतात? पेंटर म्हणाला, सगळे. आणि बोलता बोलता थांबला. चहाच्या खोलीत भट्टीसाठी एक जण भांडत होता, छत्रीवालीसाठी दुसरी, टुणुकसाठी तिसरा. पण हा बिननावाचा माणूस तेवढा सगळ्यांच्या तोंडी होता, आणि प्रत्येकाच्या आयुष्यातली थोडी थोडी सुट्टी त्याच्याकडे जमा होती.

तरी टुणुक पुसायला पेंटरचा जीव होईना. शेवटी त्याने तोड काढली. हवेतल्या बेडकाला त्याने खाली उतरवला. ताणलेले पाय मिटवले, बूड जमिनीला टेकवलं आणि गाल टम्म फुगवून त्याला पाइपाच्या बाजूच्या कोपऱ्यात, लहान करून बसवला. बाकीच्या जागेत, मुलाच्या डोळ्यांच्या बरोब्बर समोर, दारवान उभा केला. अर्ध्या उघड्या डोळ्यासह. तो डोळा काढायला त्याने जेवढा वेळ घेतला तेवढ्यात एखादं दुकान रंगवून झालं असतं. काम चालू असताना ड्रायव्हर दोनदा डोकावला आणि दोन्ही वेळा पाय न वाजवता परत गेला.

सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, पहिल्या पेशंटला मी स्वतः येते. पहिली पेशंट निघाली सहा-सात वर्षांची एक खोकणारी मुलगी. मागच्या खेपेला टुणुक बघून हिनेच खोली डोक्यावर घेतली होती. तिच्या मावशीने तिला आत सोडलं आणि जाता जाता माझ्याकडे असं बघितलं, की ‘तुमचं तुम्ही बघा’. मावशी बाहेर थांबली. आम्ही सगळे जाड काचेमागे दाटीवाटीने उभे राहिलो. काका, मॅडम, सिस्टर, पेंटर, आणि नोंदणीची खिडकी अर्धी बंद करून मी.

मुलगी स्टुलावर चढली. छाती टेकवली, हनुवटी वर केली आणि समोर बघितलं.

काकांनी तोंड उघडलं होतं, पण पहिलं वाक्य म्हणायची वेळच आली नाही. मुलीने आपणहून गाल फुगवले आणि ती दगडासारखी थांबली. वेणीचं टोकसुद्धा हललं नाही. काकांनी श्वास धरला, बटण दाबलं.

पडद्यावर फोटो उमटला. प्रत्येक फासळी स्वतंत्र, कडा कोरून काढल्यासारख्या, मधोमध ते मुठीएवढं हृदय. काका बघत राहिले. पुसट फोटो बघून बघून त्यांचे डोळे इतके शिणले होते, की त्यांना आता नजर काढवेना.

इकडे मुलगी तशीच उभी. दारवान तिच्याकडे बघतोय, ती दारवानाकडे बघतेय. गाल लाल व्हायला लागले. मी सिस्टरकडे बघितलं, तिचेही फुगलेले. पेंटरच्या कपाळावरची शीर वर आली होती. एवढ्या मोठ्या डॉक्टर आमच्या मॅडम, पण त्यांनीही ओठ घट्ट मिटलेले, नजर भिंतीवर, आणि एक हात काकांच्या बाहीकडे सरकत होता. आणि हे सगळं बघणारा जो मी, तोही काही श्वास घेत नव्हतो. मॅडमनी बाही ओढली. एकदा. मग जोरात.

“अरे,” काका भानावर आले. “सोडा आता.”

खोलीभर एकदम हुश्श झालं. मॅडमनी आधी पोटभर श्वास घेतला आणि मग निर्णय दिला. “मुलं इथेच राहू देत,” त्या म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या, वळून भिंतीकडे बघितलं आणि “नालायक,” म्हणाल्या. आवाजात माया होती असं सिस्टरचं म्हणणं. मला ती नीट ऐकू आली नाही, पण मी सिस्टरच्या बाजूने मत नोंदवतो.

चहाच्या खोलीतला वाद मिटलेला नाही. पेंटर अजून सांगतो, की दारवानाला जो काही मान आहे तो समोर टुणुक बसलाय म्हणून. बेडूक नसता तर नुसत्या मिशीवाल्याकडे कोण बघतं? ड्रायव्हर अजून भट्टीचा आहे.

त्या दिवशी मॅडम गेल्यावर काकांनी मुलीला स्टुलावरून उतरवलं, पडद्यासमोर उभं केलं आणि कितीतरी दिवसांनी आपलं ते तिसरं वाक्य बाहेर काढलं. “बघ, आतूनसुद्धा देखणी आहेस.”

तिने आपल्या फासळ्या बघितल्या. मग मान वळवून भिंतीकडे बघितलं, जरा भीतभीतच. “आणि त्याचा? त्याचा फोटो काढलात?”

“रोज काढतो,” काका म्हणाले. “एकदाही हलला नाही.”